चेअरमनकीच्या निवडणुकीत सापडलेला फिगो

२४ जुलै २००० रोजी माद्रिदमध्ये पोर्तुगालच्या लुईश फिगो या फुटबॉलपटूच्या हातात रिअल माद्रिद क्लबचा पांढरा शर्ट आला. तो देताना शेजारी उभे होते आल्फ्रेडो दि स्टेफानो, म्हणजे त्या क्लबच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव. त्या दिवसाचे फोटो आजही सहज सापडतात. ज्याच्यासाठी एवढा थाट मांडला होता तो फिगोच त्यांत अवघडलेला दिसतो. त्याचं कारणही होतं. पाच वर्षं तो माद्रिदच्या कट्टर प्रतिस्पर्धी बार्सिलोनाचा लाडका होता. दोन वेळा लीग जिंकून दिली होती. एका विजयोत्सवात तर डोक्याचे केस क्लबच्या निळ्या-लाल रंगात रंगवून त्यानं बाल्कनीतून माद्रिदवाल्यांना ‘रडे’ म्हणून चिडवलं होतं. आता तोच माणूस त्या रड्यांच्या घरात उभा होता. त्यासाठी मोजलेली किंमत होती एक हजार कोटी पेसेटा (स्पेनचं तेव्हाचं चलन), म्हणजे सुमारे ६ कोटी युरो. त्याच महिन्यात हर्नान क्रेस्पोसाठी इटलीच्या लाझिओ क्लबनं केलेला किमतीचा जागतिक विक्रम या सौद्यानं मोडला.

तो का गेला, हा प्रश्न मी लातूरला व्यवस्थापनाच्या वर्गात टाकतो. आपल्याकडं फुटबॉलचं वेड म्हटलं की कोल्हापूरचं नाव निघतं, मराठवाड्याचं नाही. पण रात्री टर्फवर बार्सा आणि माद्रिदचे शर्ट घालून खेळणारी पोरं आता लातूर-नांदेडलाही आहेत, आणि वर्गात त्यातली चार-दोन असतातच. पहिलं उत्तर ठरलेलं: पैसा. दुसरं: मोठा क्लब, मोठे करंडक. तिसरं, जरा हळव्या मुलांचं: त्याची तिथं कदर नव्हती. तिन्ही उत्तरं चुकीची नाहीत. पण या तिन्हींतून एक कोडं उलगडत नाही. फिगोला पैसा आणि कदर आदल्या वर्षीही हवी होती, पुढच्या वर्षीही हवी असती. मग हे सगळं जुलै २००० च्या एका आठवड्यातच का घडलं?

गेल्या खेपेला निलंग्याकडच्या एका विद्यार्थ्यानं त्या महिन्यातल्या दोन्ही क्लबांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकांच्या तारखांकडं बघून मागच्या बाकावरून सांगितलं, “सर, ह्ये तर आपल्या कारखान्याचं इलेक्शन हाय की. भाव जाहीर करत्यात तसा फिगो जाहीर केलाय.” वर्ग हसला. मला मात्र या प्रकरणावर याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही, म्हणून पुढचं सगळं मी त्याच्याच बोलण्याच्या आधारानं मांडतो.

दोन क्लब, दोन निवडणुका

स्पेनमध्ये १९९० साली नवा क्रीडा कायदा आला आणि कर्जात बुडालेल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनीत रूपांतर करावं लागलं. त्यातून चारच क्लब सुटले: रिअल माद्रिद, बार्सिलोना, बिलबावचा अ‍ॅथलेटिक आणि ओसासुना. हे चार आजही सभासदांचे आहेत. सभासद वर्गणी भरतो, अध्यक्ष निवडतो, एका सभासदाला एक मत. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, मत एकच असतं, तसंच हे. अध्यक्षपदाला उभं राहणाऱ्यानं क्लबच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची बँक हमी द्यायची, असंही त्या कायद्यात होतं. म्हणजे मतदार कुणीही असू शकतो, उमेदवार मात्र गडगंजच असणार. हेही आपल्या ओळखीचं.

पण एक फरक आहे आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या फरकावरच उभं आहे. कारखान्याच्या सभासदाचा ऊस असतो. त्याला भाव मिळतो, दिवाळीला सवलतीची साखर मिळते, ऊस वेळेवर तुटला की त्याचं वर्ष निघतं. चेअरमन बदलला तर त्याच्या खिशात फरक पडतो. रिअल माद्रिदच्या सभासदाला यातलं काही मिळत नाही. लाभांश नाही, भाव नाही. त्याला मिळते स्टेडियममधली एक जागा आणि सोमवारी सकाळी ऑफिसात ताठ मानेनं बसायची सोय. मग त्याचं मत मागायला येणारा उमेदवार त्याला देणार काय? भाव देता येत नाही तिथं खेळाडूच द्यावा लागतो.

त्या वर्षी माद्रिदचे अध्यक्ष होते लॉरेन्झो सांझ. त्यांच्या कारकिर्दीत क्लबनं १९९८ मध्ये, तब्बल ३२ वर्षांनी, युरोपचा करंडक (म्हणजे चॅम्पियन्स लीग) जिंकला आणि २४ मे २००० ला पॅरिसमध्ये व्हॅलेन्सियाला ३-० हरवून पुन्हा जिंकला. एवढं यश हातात असल्यावर कुठल्याही चेअरमनला जे सुचेल तेच त्यांना सुचलं: गुलाल ताजा आहे तोवर निवडणूक उरकून घ्यावी. त्यांनी मुदतीआधीच निवडणूक लावली. समोर आले फ्लोरेंटिनो पेरेझ. शिक्षणानं स्थापत्य अभियंता, एसीएस या बड्या बांधकाम कंपनीचे प्रमुख, १९९५ मध्ये याच पदासाठी लढून थोडक्यात हरलेले. दोन वर्षांपूर्वी एक आणि दोन महिन्यांपूर्वी दुसरा करंडक घरी आणणाऱ्या अध्यक्षाला पाडायचं, तर मुद्दा काय काढणार? कर्जाचा मुद्दा होता आणि पेरेझनी तो काढलाही. पण ताळेबंदावर मतं पडत नाहीत, हे त्यांनाही माहीत असणारच.

तिकडं बार्सिलोनात उलटी स्थिती होती. हंगाम कोरडा गेला होता. प्रशिक्षक लुई वान गाल गेले होते, आणि १९७८ पासून खुर्चीवर असलेले जोसेप लुईस नुन्येझ यांनीही राजीनामा दिला होता. नव्या अध्यक्षाची निवडणूक २३ जुलैला. माद्रिदची १६ जुलैला. मधला आठवडाभर, आणि खरं तर त्याआधीचे दोन महिनेही, बार्सिलोनात एखाद्या मोठ्या खेळाडूला बसवून “बाबा रे, तुला काय पाहिजे ते सांग, आत्ता लिहून देतो” असं म्हणणारा माणूस जागेवर नव्हता. वर्गातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. कारखान्यावर प्रशासक बसला की साधी बॉयलरची दुरुस्ती कशी रखडते, ते त्यांनी घरी ऐकलेलं असतं.

कलमाची किमया

आता कायद्याचा भाग, जो बहुतेक क्रीडा पानांवर दोन ओळींत उरकला जातो आणि तिथंच गोंधळ होतो.

स्पेनमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीविषयी १९८५ चा एक शासकीय हुकूम आहे. त्यानुसार खेळाडू मुदतीआधी करार एकतर्फी तोडू शकतो, मात्र क्लबला भरपाई देऊन. ही भरपाई करारातच लिहून ठेवायची पद्धत पडली. तिला करारमुक्तीची रक्कम म्हणू. तेवढे पैसे भरले गेले की विकणाऱ्या क्लबच्या होकार-नकाराला अर्थ राहत नाही. इंग्लंड-इटलीत दोन क्लबांची वाटाघाट फसली की खेळाडू जागेवरच राहतो. स्पेनमध्ये तो जाऊ शकतो. म्हणून तिथले क्लब ही रक्कम मुद्दाम अशी लिहितात की कुणी भरायलाच धजावू नये. बार्सिलोनानं फिगोवर एक हजार कोटी पेसेटा लिहिले, आणि कुंपण भक्कम आहे असं समजून निवांत राहिले. नफ्यासाठी खेळाडू घेणाऱ्याला तो आकडा खरोखरच वेडा वाटला असता. मतांसाठी घेणाऱ्याचं गणित निराळं असतं, आणि वरून तो पैसा त्याच्या खिशातला नसून निवडून आल्यावर क्लबच्या तिजोरीतला असणार असतो.

जून महिन्यात फिगो युरो २००० स्पर्धेत पोर्तुगालकडून खेळत होता. इंग्लंडविरुद्ध दोन गोल पिछाडीवर असताना त्यानं लांबून मारलेला गोल ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेलच. पोर्तुगालनं तो सामना ३-२ जिंकला आणि पुढं उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. तिकडं पेरेझच्या बाजूनं पोर्तुगालचाच माजी खेळाडू पाउलो फुत्रे मध्यस्थ म्हणून उभा राहिला आणि फिगोचा एजंट जोझे वेगा याच्याशी बोलणी झाली. या बोलण्यांच्या कहाण्या त्यातल्या प्रत्येकानं नंतर आपापल्या सोयीनं सांगितल्या आहेत. पण सांगाडा असा: पेरेझ निवडून आले तर फिगो माद्रिदला येईल, यासाठी फिगोच्या बाजूला मोठी रक्कम मिळणार, आणि पेरेझ निवडून येऊनही फिगो आला नाही, तर त्याच्या बाजूनं भलामोठा दंड भरायचा.

मग पेरेझनी प्रचारात सांगितलं की मी अध्यक्ष झालो तर फिगो येईल, आणि नाही आला तर सभासदांची वर्षभराची वर्गणी मी भरीन. लोकांना ही छाती ठोकून केलेली घोषणा वाटली. मला ती या प्रकरणातली सगळ्यात थंड डोक्याची चाल वाटते. फिगो आला, तर आश्वासन पाळलं. नाही आला, तर दंडाचे पैसे येणार आणि त्यातूनच सभासदांची वर्गणी भागवता येणार. हरले, तर काहीच द्यायचं नाही. तिन्ही वाटांवर पेरेझ यांच्या पदराला खार लागत नव्हता.

फिगोनं दरम्यान बार्सिलोनाच्या वर्तमानपत्रातून चाहत्यांना धीर दिला की मी कुठंही जात नाही. सांझनाही ही सगळी निवडणुकीतली हवा वाटली. १६ जुलैला साधारण तीस हजार सभासदांनी मतदान केलं आणि पेरेझ सुमारे तीन हजार मतांनी निवडून आले. दोन महिन्यांपूर्वी युरोप जिंकलेला अध्यक्ष घरी बसला. २३ ला बार्सिलोनात जोआन गास्पार निवडून आले. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं की सगळ्यात मोठा खेळाडू हातातून गेला आहे, आणि त्याला थांबवायचं तर त्या दंडाचा भार कुणी तरी उचलावा लागेल. तो उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी माद्रिदचा तो सोहळा झाला.

मग फिगोचं काय

इथं उदगीरच्या एका मुलीनं मला अडवलं. “सर, तुम्ही तर त्याला बिचारा करून टाकलं. सही कुणी केली? एजंटानं केली तरी माणूस त्याचाच होता ना?”

तिचा मुद्दा मला मान्य आहे. फिगो भोळा नव्हता. १९९५ मध्ये स्पोर्टिंग लिस्बन सोडताना त्याचे इटलीतल्या दोन क्लबांशी, युव्हेंटस आणि पार्मा यांच्याशी, एकाच वेळी करार झाल्याचं निघालं होतं. त्यावरून त्याला इटलीत दोन वर्षं जाण्याची बंदी झाली आणि म्हणूनच तो बार्सिलोनात आला. म्हणजे सही किती महाग पडू शकते याचा धडा त्याला बाविसाव्या वर्षीच मिळाला होता. पुढं अनेक मुलाखतींत त्यानं बार्सिलोना सोडण्याचं कारण सांगितलं ते असं, की क्लबच्या कारभाऱ्यांनी आपल्याला हवी तशी किंमत दिली नाही. ते खोटं मानायचं कारण नाही. संघात रिव्हाल्डो होता, १९९९ चा ‘बॅलन डी’ओर’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब, त्यानं जिंकला होता, आणि दोन वाघ एका जंगलात असले की पगारपत्रकाची तुलना होतेच.

माझं मत असं आहे की फिगोच्या बाजूनं माद्रिदचा कागद सुरुवातीला दबावासाठी होता. पेरेझ निवडून येणार नाहीत, तोवर तो कागद बार्सिलोनाला दाखवून पगार वाढवून घेता येईल, असा हिशोब दिसतो. युरोपचा विजेता अध्यक्ष पडेल असं त्या जूनमध्ये फार थोड्यांना वाटत होतं. पण दबाव टाकायला समोर कुणी तरी बसलेलं लागतं. बार्सिलोनाची खुर्ची रिकामी होती, त्यामुळं कागद कुणाला दाखवायचा हाच प्रश्न होता. मग पेरेझ जिंकले आणि दबावाचा कागद खरा करार झाला. फिगोला कदर हवी होती, पैसा हवा होता, आणि शक्य झालं असतं तर दोन्ही त्यानं बार्सिलोनातच घेतलं असतं, असं मला वाटतं. उदगीरच्या मुलीला हे पटलेलं नाही. तिच्या मते ज्यानं दोन्हीकडं पाय ठेवला त्याला नंतर अवघडून उभं राहण्याचा हक्क नाही.

बार्सिलोनाचे प्रेक्षकही तिच्याच पक्षाचे. २१ ऑक्टोबर २००० ला फिगो पांढऱ्या शर्टात बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊ स्टेडियमवर परतला तेव्हा त्याच्या पायात चेंडू आला की अख्खं स्टेडियम शिट्ट्या घालत होतं. बार्सिलोनानं तो सामना २-० जिंकला. दोन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २००२ ला, तो कॉर्नर घ्यायला गेला तर बाटल्या आणि काय काय मैदानात आलं, आणि त्यात डुकराचं मुंडकंही. पंचांना खेळ थांबवून दोन्ही संघांना आत न्यावं लागलं. राग सगळा फिगोवर निघाला. करारातल्या आकड्याचं कुंपण ज्यांनी घातलं, आणि ऐन मोक्याच्या वेळी खुर्ची ज्यांनी रिकामी सोडली, त्यांच्या दिशेनं काही फेकल्याचं ऐकिवात नाही.

त्याच उन्हाळ्यात रेडोंडो

त्याच जुलैमध्ये माद्रिदमधून एक खेळाडू बाहेरही गेला आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. फर्नांडो रेडोंडो, अर्जेंटिनाचा मधल्या फळीतला खेळाडू, नुकत्याच जिंकलेल्या चॅम्पियन्स लीगचा सर्वोत्तम ठरलेला. तो जुन्या अध्यक्षांच्या जवळचा मानला जात होता. पेरेझ निवडून आल्यावर काही दिवसांतच त्याला एसी मिलानला विकण्यात आलं. चाहत्यांनी निदर्शनं केली. जायची इच्छा आपण व्यक्त केली नव्हती, असं रेडोंडोचं म्हणणं होतं. तिथं गेल्यावर त्याचा गुडघा निकामी झाला, दोन वर्षांहून अधिक काळ तो मैदानाबाहेर राहिला, आणि खेळत नसताना पगार नको म्हणून त्यानं तो थांबवायला लावला. खेळाडूच्या ‘प्रेरणे’वर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी या माणसाची प्रेरणा कुठल्या रकान्यात टाकायची ते एकदा सांगावं. पॅनल बदललं आणि जुन्या पॅनलचा माणूस हलवला गेला, एवढंच त्याच्या बाबतीत झालं.

गास्पारनी बार्सिलोनात आलेला पैसा लगेच खर्च केला. आर्सेनलकडून मार्क ओव्हरमार्स आणि इमॅन्युएल पेती आणले. एकट्या ओव्हरमार्ससाठी सुमारे अडीच कोटी पौंड. खेळाडू वाईट नव्हते, पण ही खरेदी सभासदांच्या जखमेवर पट्टी बांधायला केली होती, संघातली जागा भरायला नाही. गास्पार २००३ च्या सुरुवातीला पायउतार झाले. बार्सिलोनाला पुढची लीग जिंकायला २००५ उजाडलं.

माद्रिदला मात्र सौदा फळला, निदान काही वर्षं. २००१ आणि २००३ ची लीग, २००२ ची चॅम्पियन्स लीग. फिगोला २००० चा बॅलन डी’ओर मिळाला, तोही मुख्यतः बार्सिलोना आणि पोर्तुगालसाठी केलेल्या खेळावर. बक्षीस घेताना शर्ट तेवढा पांढरा. क्लबची सरावाची जागा २००१ मध्ये सुमारे ४८ कोटी युरोंना विकून पेरेझनी कर्जही फेडलं. मग दर उन्हाळ्याला एक मोठं नाव हा पायंडा पडला: २००१ मध्ये झिदान, २००२ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो, २००३ मध्ये बेकहॅम. त्याच २००३ मध्ये क्लॉड मकेलेलेनं पगारवाढ मागितली. मधल्या फळीत चेंडू हिसकावून या सगळ्या ताऱ्यांचं खेळणं शक्य करणारा तो माणूस. त्याला वाढ मिळाली नाही आणि तो चेल्सीला गेला. फिगोची आणि त्याची मागणी तीच होती. पण मकेलेलेच्या नावावर मतं पडत नव्हती. त्यानंतरची तीन वर्षं माद्रिदला ना लीग मिळाली ना चॅम्पियन्स लीग, आणि २००६ च्या फेब्रुवारीत पेरेझनी राजीनामा दिला.

जिथं मतदान नाही, आणि जिथं आहे

हे निदान सगळीकडं चालत नाही, हे वर्गात आधीच सांगून टाकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसच्या पीएसजीनं नेमारला बार्सिलोनातून नेलं. हत्यार तेच, करारमुक्तीची रक्कम. आकडा मात्र २२.२ कोटी युरो, आधीच्या विक्रमाच्या दुपटीहून जास्त. पण पीएसजी २०११ पासून कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेच्या मालकीचा आहे. तिथं सभासद नाहीत, मतदान नाही. तिथल्या खरेदीमागं २०२२ चा विश्वचषक भरवणाऱ्या देशाची प्रतिष्ठा होती, आणि ऐन त्याच वर्षी शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केलेली होती. ते प्रकरण वेगळं शिकवावं लागतं.

पण सभासदांचे क्लब आले की तारखा बघायच्या. २००६ मध्ये माद्रिदला रामोन काल्देरोन उभे राहिले ते काका, फाब्रेगास आणि रॉबेन यांची नावं घेऊन. ते जिंकले, त्या उन्हाळ्यात तिघांपैकी एकही आला नाही. मार्च २०२१ मध्ये जोआन लापोर्ता बार्सिलोनाचे अध्यक्ष झाले, मेस्सीला मीच राखू शकतो अशा विश्वासावर. ऑगस्टमध्ये लीगच्या पगारमर्यादेत बसत नाही म्हणून क्लबनं मेस्सीला निरोप दिला.

याच लापोर्तांची पहिली निवडणूक मी मुलांना पुढच्या तासासाठी देतो. जून २००३. गास्पार गेलेले, क्लब खचलेला, आणि चाळिशीचा हा वकील ऐन प्रचारात जाहीर करतो की डेव्हिड बेकहॅमसाठी मँचेस्टर युनायटेडशी आपलं ठरलं आहे. मँचेस्टर युनायटेडनंही तसं निवेदन काढलं. फिगोची जखम देणाऱ्या माद्रिदच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, याहून मोठा भाव त्या सभासदाला कोण देणार होतं? १५ जूनला लापोर्ता मोठ्या फरकानं निवडून आले. १७ जूनला बेकहॅम माद्रिदचा झाला. जुलैत लापोर्तांनी पीएसजीकडून रोनाल्डिन्यो आणला, आणि त्यानं पहिल्याच हंगामात असा काही खेळ केला की बेकहॅमचं काय झालं, हे विचारायला कुणी उभं राहिलं नाही.